पंधरा कुठे अडकला?

आज दांडिया बाजारात ताईकडे भाचीला जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतला फॉर लूप शिकवला, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी रचना. १ ते १०० आकडे छापायचे. ३ ने भाग गेला तर ‘फिझ’, ५ ने गेला तर ‘बझ’, दोन्हींनी गेला तर ‘फिझबझ’. तिने ३ ची अट सगळ्यात वर लिहिली आणि १५ पाशी नुसतं ‘फिझ’ आलं. मी उत्तर सांगितलं नाही. वहीवर एकेक ओळ चालवून बघता बघता ती ओरडलीच, “मामा, १५ पहिल्याच अटीत अडकतोय!” अगदी बरोबर! इफ-एल्सच्या (‘असं असेल तर हे, नाहीतर ते’) साखळीत पहिली खरी अट सापडली की खालच्या तपासल्याच जात नाहीत. दोन्हींची अट तिने वर नेली. केवढा आनंद झाला मला! उद्या व्हाइल लूप, म्हणजे अट खरी असेपर्यंत चालत राहणारा. त्यात मोजणीचा ‘आय’ वाढवला नाही तर लूप न थांबता ब्राउझरचा टॅब कसा गोठतो, तेही तिला मुद्दाम करून बघू देणार.