निशाणी नांगर: फुल्यांच्या ओळींचे कोलाज

विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले. महात्मा जोतीराव फुले यांच्या या ओळी आपण शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि जयंतीच्या शुभेच्छापत्रांवर वाचत आलो आहोत. माझ्या घडणीत या ओळींइतका वाटा दुसऱ्या कोणत्याही वचनाचा नाही. म्हणूनच त्यांवर डिजिटल कोलाज, म्हणजे निरनिराळे तुकडे जुळवून संगणकावर केलेले चित्र, करायला घेतले तेव्हा मी एक गोष्ट आधीच ठरवली: मधोमध पागोटे घातलेला चेहरा, मागे केशरी रंगाची छटा आणि खाली वळणदार अक्षरे ही नेहमीची मांडणी करायची नाही. त्या मांडणीत फुल्यांविषयीचा आदर पोहोचतो, पण त्यांनी सांगितलेली गोष्ट पोहोचत नाही. या ओळींत एकामागून एक काहीतरी नाहीसे होत जाते, आणि ते नाहीसे होणे डोळ्यांना दिसले नाही तर चित्राचा उपयोग काय, असा माझा प्रश्न होता.

या ओळी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी येतात. फुल्यांनी तो १८८३ मध्ये पूर्ण केला आणि छापील पुस्तक लोकांच्या हाती पडण्याआधीच पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्याचे भाग वाचून दाखवले. ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते, त्यामुळे मती, नीती, गती अशी कानाला धरून ठेवणारी साखळी किती विचारपूर्वक रचली असेल, हे मोठ्याने म्हणून पाहिले की लगेच कळते. पुढच्या पानांत शेतकऱ्याचे कर्ज, कोर्टकचेऱ्या, जंगल खात्याकडे गेलेली गायराने, पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून घालायचे बांध हे सगळे तपशिलाने येते. हा ग्रंथ डोळ्यांसमोर ठेवला की आरंभीच्या ओळी सुविचार उरत नाहीत, त्या एका शेतकरी घराच्या कोसळण्याची क्रमवार नोंद होतात. माझ्या कोलाजमध्ये म्हणूनच शाळा नाही, शेत आहे.

मांडणी अशी केली. ए३ आकाराचा उभा कागद घेतला, म्हणजे ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल. त्यावर एकाखाली एक पाच आडवे पट्टे आखले आणि पाचही पट्ट्यांत एकच छायाचित्र ठेवले: आमच्या शेताचे, नांगरणीच्या दिवसांत चुलत्यांनी काढलेले. त्यात उजवीकडे विहीर आहे, मध्ये बैलजोडी आणि नांगर, नांगरामागे माणूस, पलीकडे सावडीला, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायला, आलेले शेजारी, आणि बांधावर पाटी घेऊन बसलेला एक मुलगा. पहिल्या पट्ट्यातून पाटीसकट मुलगा कापला, दुसऱ्यातून शेजारी, तिसऱ्यातून बैल आणि नांगर, चौथ्यातून विहीर आणि पाचव्यातून माणूस. एकदा कापलेली आकृती खालच्या कोणत्याही पट्ट्यात परत येत नाही, त्यामुळे पाचव्या पट्ट्यात छायाचित्राच्या नावाखाली थोडेसे आभाळ आणि मातीची एक पट्टी एवढेच शिल्लक राहते.

यात सर्वांत अवघड गेली ती नीती. मती, गती आणि वित्त यांना चित्र सापडते, पण नीती म्हटले की हात आपोआप तराजूकडे किंवा दिव्याकडे जातो, आणि ती चिन्हे इतकी वापरली गेली आहेत की डोळा त्यांच्यावर थांबतच नाही. बराच विचार केल्यावर मला सावड आठवली. आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी, हा लेखी करार नसलेला व्यवहार म्हणजे गावच्या नीतीचे डोळ्यांना दिसणारे रूप आहे, असे मी मानतो. दुसऱ्या पट्ट्यातून शेजारी नाहीसे झाले की नांगरणारा माणूस एकटा पडतो, आणि हे एकटेपण पुढच्या पडझडीच्या आधी येते, हा फुल्यांचा क्रमही तिथे नेमका जुळतो.

आता या कापलेल्या जागांतून काय दिसावे? कोऱ्या पांढऱ्या जागा ठेवल्या असत्या तर चित्र नीटस झाले असते, पण त्याला अर्थ आला नसता. मी छायाचित्राच्या खालच्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या खालच्या थरावर, आमच्या घरातला एक जुना कर्जरोखा अंथरला. पणजोबांचा हा कागद आजीच्या पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेला होता. मजकूर मोडीत आहे. ओळीवर ओळ धावती, मध्ये शब्द तोडलेले नाहीत, रकमेचा आकडा मात्र ठळक. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी तो वाचून दाखवला. शेवटी जिथे सही असायची तिथे पणजोबांचे नाव आहे, पण ते लिहिणाऱ्याच्याच अक्षरात, आणि त्याच्याशेजारी चार-पाच थरथरत्या रेघांनी काढलेला एक लहानसा नांगर. ज्यांना लिहिता येत नसे त्यांनी अशी निशाणी करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. त्या कागदावरचा मजकूर, रक्कम, मुदत आणि स्वतःचे नावसुद्धा दुसऱ्याच्या हातचे. पणजोबांच्या हातचा फक्त तो नांगर.

हा नांगर पाहिल्यावर कोलाज मला पूर्ण दिसले. तिसऱ्या पट्ट्यातून खरा नांगर जातो आणि अगदी तळाशी, पाचव्या पट्ट्याखाली, तो रोख्यावरची निशाणी होऊन उरतो. मूळ निशाणी जेमतेम दोन सेंटीमीटरची आहे. ती १२०० डीपीआयला स्कॅन केली, म्हणजे ३०० डीपीआयच्या छपाईत ती चौपट, आठ सेंटीमीटरची, होऊनही रेघ फुटत नाही. इतक्या मोठ्या आकारात बोरूने शाई कुठे सोडली, हात कुठे थांबला आणि टोक कागदात कुठे रुतले, हे सगळे दिसते. मी त्या रेघेला कसलीही सफाई केली नाही. सावकाराचे नाव मात्र पुसट केले, कारण प्रश्न एका माणसाचा नव्हता. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथून जो उठाव सुरू झाला, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडचे नेमके हेच कागद हिसकावून जाळले आणि त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. ज्याला कागद वाचता येत नाही त्याला तो जाळावासा वाटावा, यात मला नवल वाटत नाही.

कापण्याचे काम लेयर मास्कने केले, खोडरबराने नाही. मास्कवर काळा रंग दिला की चित्राचा तेवढा भाग झाकला जातो आणि पांढरा दिला की जसाच्या तसा परत येतो. मूळ छायाचित्राला धक्का लागत नाही. सोय म्हणून तर हे चांगले आहेच, पण या विषयाला ते मनापासून पटते, कारण फुल्यांनी ही साखळी सांगितली ती उलट्या दिशेने चालता यावी म्हणून. ज्या माणसाने आणि ज्या सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा चालवून दाखवली, त्यांच्या लेखी गेलेली कोणतीच गोष्ट कायमची गेलेली नव्हती.

अक्षरांवर मी चित्राइतकाच वेळ दिला. या ओळींत गेली, गेले, खचले, केले असा ‘ल’ पुन्हा पुन्हा येतो आणि ‘शूद्र’मध्ये ‘श’ आहे. संगणकावरच्या पुष्कळ देवनागरी फाँटमध्ये या दोन अक्षरांची वळणे हिंदी धाटणीची असतात, ती या मजकुरात फार खटकतात. टिरो देवनागरी मराठी या फाँटमध्ये आपल्या पाकळीचा ल आणि गाठीचा श मिळतो, शिवाय त्याच्या जाड-बारीक रेघांना जुन्या खिळ्यांच्या छपाईची ठेवण आहे, म्हणून तोच घेतला. मी वापरलेल्या गिम्प या चित्रे करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे आपोआप नीट जुळली. फोटोशॉप वापरणाऱ्यांनी परिच्छेदाच्या मांडणीत वर्ल्ड-रेडी लेआउट निवडावा, नाहीतर वेलांट्या आणि रफार भलतीकडे जातात. प्रत्येक वाक्यखंड आपापल्या पट्ट्याच्या डाव्या कडेला बसवला आणि शाईचा रंग रोख्यावरच्या शाईतूनच उचलला.

काही फलकांवर ‘शूद्र’ हा शब्द असलेला तुकडा गाळून उरलेल्या ओळी छापलेल्या दिसतात. मला हे अजिबात मान्य नाही. तो शब्द काढला की ही कोणाची हकीकत आहे तेच कळत नाही आणि वचन सर्वांसाठीचा गुळमुळीत उपदेश होऊन बसते. २ मार्च १८८८ रोजी राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले, ते खरी रयत कोण हे पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर यावे म्हणून. त्यांच्या वचनातून त्याच रयतेला आपण बाहेर काढणे बरे नव्हे. माझ्या कोलाजमध्ये हा वाक्यखंड पाचव्या पट्ट्यावर, रिकाम्या शेताच्या कडेला, बाकीच्यांइतक्याच आकारात आहे.

चौकटीसाठी घोंगडीची वीण स्कॅन करून तिचा लेयर मल्टिप्लायवर, म्हणजे वरचा रंग खालच्या रंगात मिसळून गडद करणाऱ्या पर्यायावर, ठेवला, म्हणजे खालचा जुना पिवळेपणा झाकला न जाता गडद होतो. उजव्या कडेने तळापासून वर तीन खुणा चढत जातात: पणजोबांचा नांगर, सोसायटीच्या कर्जाच्या अर्जावरचा आजीचा निळा अंगठा आणि जमिनीच्या एका दस्तावर आईने पूर्ण नावानिशी केलेली सही. आईची सही पहिल्या पट्ट्याच्या पातळीला, पाटी घेतलेला मुलगा जिथून कापला त्या रिकाम्या जागेशेजारी येते. मला हवे होते ते सगळे त्या एका कडेत आले.

कोणाला असे काही करून पाहायचे असेल तर फुल्यांचा मजकूर स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाला आहे, आणि भारतीय कायद्याप्रमाणे छायाचित्रकाराच्या मृत्यूला ६० वर्षे उलटून गेली असतील तर त्याची छायाचित्रेही वापरता येतात. पण माझे आग्रहाचे सांगणे असे की आधी घरातल्या पेट्या उघडाव्यात. जुना कागद आपोआप ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये कधीही घालू नये, काचेवर सपाट ठेवावा. घडीवर फाटत असेल तर खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात वरून छायाचित्र घ्यावे. त्याला लॅमिनेशन करू नये आणि चिकटपट्टी लावू नये. कागदाखाली निशाणी, अंगठा किंवा सही जे काही असेल ते वेगळे, जास्त डीपीआयला स्कॅन करावे आणि कोणाची आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून विचारून फाइलच्या नावातच लिहून ठेवावे.