भोपळ्याची फुलं आणि चकाचक बांध

इंदूरच्या रामबागेत भाजीची पिशवी पोचवायला गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "काका, तुमच्या सेंद्रिय शेतीनं निसर्गाचं खरंच भलं होतं, की नुसता भाव चढतो?" दारात उभ्या उभ्या "होतं हो थोडंफार" म्हणून मी निसटतो. आज जरा बसून सांगतो.

शहराबाहेर सांवेरकडे आमचं सहा बिघे काळं रान आहे. रासायनिक खत-औषध बंद केलं त्या पहिल्या पावसाळ्यात लाल भोपळा लावला. वेल फोफावले, फुलं लागली, आणि बोराएवढी फळं पिवळी पडून गळायला लागली. मी आपला रोज शेण-गोमूत्राचं जीवामृत ओततोय! शेवटी एका पहाटे वेलांत जाऊन बसलो. भोपळ्याचं नरफूल वेगळं, मादीफूल वेगळं. मादीफुलाच्या बुडाशी चिमुकला भोपळा आधीच असतो. फूल उजाडता उजाडता उमलतं, दुपारच्या आत मिटतं, ते पुन्हा उघडत नाही. पराग जड नि चिकट, वाऱ्याच्या कामाचा नव्हे. तेवढ्या वेळात मधमाशी आली तर फळ, नाहीतर गळ. दोन तासांत एक भुंगा आला, तोही घिरटी घालून निघून गेला.

चूक माझीच होती. इंदूरचा माणूस, स्वच्छतेतला पहिला नंबर डोक्यात बसलेला. गवत, रानतुळस, सगळं खणून बांध चकाचक करून ठेवला होता. रानटी मधमाश्यांच्या कितीतरी जाती जमिनीत बीळ करून राहतात. त्यांचं घर मी मोडलं, आणि भोपळ्याचं फूल मिटल्यावर खायला काही शिल्लक ठेवलं नाही. फवारणी थांबवली म्हणून माश्या आपोआप येत नसतात. पुढच्या वर्षी बांधाला हात लावला नाही, कडेनं तीळ पेरला. भोपळे धरायला तरी दोन हंगाम गेले.

माळव्यात बांधाकडे कोणी बघत नाही, त्याला कारणही आहे. इथे सोयाबीन आणि गहू. दोघांनाही माशीवाचून फारसं अडत नाही.

हवामानाचं उत्तर एवढं सरळ नाही. युरिया बनवायला नैसर्गिक वायू लागतो, आणि शेतात पडल्यावर त्यातला थोडा नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. युरियाचं ते पाप मी टाळतो. पण शेणखतातूनही तो निघतोच, आणि माझा गहू शेजाऱ्यापेक्षा बिघ्याला कमी उतरतो. सगळ्यांनीच असं केलं तर तेवढ्याच पोळ्यांसाठी जास्त जमीन लागेल. ती आणायची कुठून? हा प्रश्न काढला की आमचे सेंद्रियवाले मित्र चहा मागवतात.

खताची गोष्ट मात्र खास आपल्या गावची. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदुरात होते, आज कृषी महाविद्यालय आहे त्याच आवारात. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली छापून मांडलेली कंपोस्टची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती, राख, असे थर. मेख आहे ती उलटणीत. तीन महिन्यांत तीनदा ढीग उलटायचा, म्हणजे आत हवा खेळते. कंटाळा केला आणि ढीग पाण्यानं चिप्प झाला की आत मिथेन धरतो. मग कसलं हवामान नि कसलं काय! जमलेल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालवत नाही इतकी ऊब असते, आणि शेणाचा वास पार गेलेला असतो. शेजारी गव्हाच्या नरवाईला, म्हणजे कापणीनंतर उरलेल्या धसकटांना, काडी लावून मोकळे होतात. माझी नरवाई या ढिगात जाते.

भावाचं म्हणाल, तर त्यातला मोठा वाटा या उलटणीच्या मजुरीचा. यंदाची दुसरी उलटणी मजूर मिळेनात म्हणून मीच केली. म्हणून परवा तुमची पिशवी वर न आणता खालूनच हाक मारली.