दुर्खीम आणि प्रश्नावली एकाच तासाला का?

पालक विचारतात, स्टाफरूममधले सहकारी विचारतात, कधी माजी विद्यार्थीही विचारतात: तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या पोरांना दुर्खीम-वेबर हे जुने युरोपी समाजशास्त्रज्ञ कशाला? आणि शिकवायचेच, तर संशोधन पद्धतीच्या तासाला का? अभ्यासक्रमात सिद्धांत आणि संशोधन पद्धती हे दोन वेगळे पेपर आहेत. एक पाठ करायचा आणि दुसऱ्यासाठी प्रश्नावली भरून आणायची, असा रिवाज पडलाय. सगळे विचारतात म्हणून सांगते, मला तो मान्य नाही.

दुर्खीमचं आत्महत्येवरचं पुस्तक १८९७ सालचं. गाईडमध्ये त्यातले आत्महत्येचे चार प्रकार तेवढे उरतात. मी सुरुवात करते मार्सेल मॉसपासून. हा दुर्खीमचा भाचा. मामाच्या पुस्तकासाठी त्याने सुमारे २६ हजार आत्महत्यांच्या नोंदी वय, लिंग, लग्न, मुलंबाळं अशा रकान्यांत लावून दिल्या. आता हेच रकाने का? माणूस कुटुंबाशी किती बांधलेला आहे यावर काहीतरी अवलंबून असावं, असा विचार आधी होता म्हणून. तो नसता, तर त्या नोंदींतून काय काढायचं हेच कुणाला कळलं नसतं.

मग मी आपल्याकडचे आकडे फळ्यावर लिहिते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साली शेतीतल्या आत्महत्या होत्या ११,७७२. २०१४ साली शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५०. वर्गातून हमखास उत्तर येतं: निम्म्याने कमी झाल्या. तेव्हा मी पुढची ओळ लिहिते: त्याच वर्षी शेतमजूर ६,७१०. वर्गवारी बदलली होती, शेतमजुरांचा रकाना वेगळा केला होता. दोन्ही मिळून बेरीज १२,३६०, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा जास्तच. तास इथे थांबला तरी चालेल, इतकं त्यात आहे.

पण मुलं थांबत नाहीत. सातबारा बापाच्या नावावर आणि कसणारा मुलगा, तर शेतकरी कोण? बटईने जमीन करणारा कुठे धरायचा? बाई आयुष्यभर शेतात राबली आणि तिच्या नावावर गुंठाही नसला, तर तिच्या मृत्यूची नोंद ‘गृहिणी’ या रकान्यात जाण्याचीच शक्यता मोठी. आपल्या राज्यात एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं, तेही अशाच व्याख्यांवर. माझ्या वर्गातल्या मुलांना हे पुस्तकातून कळायची गरज नसते, गावात पाहिलेलं असतं. त्याला प्रश्नाचं रूप कसं द्यायचं, ते शिकवणं माझं काम.

या विषयावर प्रकल्प मात्र मी करू देत नाही. ज्या घरात माणूस गेलाय, तिथे वीस वर्षांच्या पोराने प्रश्नांची यादी घेऊन जाऊ नये. गुणांसाठी तर नाहीच. यावर माझं मत पक्कं आहे.

त्याऐवजी ‘काम’ हा विषय देते. पहिल्या फेरीत आपल्याच गल्लीतल्या बायकांना विचारायचं, तुम्ही काय काम करता? बहुतेक जणी सांगतात, काही नाही, घरीच असते. दुसऱ्या फेरीत त्यांनाच म्हणायचं, काल सकाळी उठल्यापासूनचं सगळं सांगा. मग पाणी, शेण, शेळ्या, डबे, खुरपणी, सासूचं औषध, संध्याकाळचा चारा असं पान भरून येतं. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेचा हिशोब घेतला, त्यातही असंच आदल्या दिवसाचं विचारलं होतं. त्या हिशोबात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या कामात जात होती, पुरुषाची ९७. हे आकडे मी दुसऱ्या फेरीनंतरच दाखवते. आधी दाखवले की मुलं तेच शोधत फिरतात.

ही दोन पानं समोर ठेवली, की श्रम म्हणजे काय हा सिद्धांताच्या पेपरातला प्रश्न मुलं स्वतःहून विचारू लागतात. मग मार्क्स वाचायला घेतला तर जड जात नाही, आणि त्याच्याकडून घरकामाबद्दल काय निसटलं हेही त्यांना दिसतं.

नोकरीचं विचाराल, तर स्पर्धा परीक्षा, एम.एस.डब्ल्यू., सर्वेक्षणाची कामं हे आहेच. सध्या मला हवेत ते वेळापत्रकात सलग दोन तास. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासात गल्लीत जाऊन परत येणं होत नाही.