जानेवारीचं पान: वाढदिवसांच्या शीटमध्ये आता तिथीचा कॉलम

मंडळी, थोरामोठ्यांच्या वाढदिवसांच्या माझ्या शीटचं जानेवारीचं पान बऱ्यापैकी मार्गी लागलंय. आधी नाव, तारीख, साल एवढंच होतं, आता वार आणि तिथी पण टाकतोय आणि खरी मजा तिथेच सुरू झालीये.

पहिलं म्हणजे ३ जानेवारी. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव, वार सोमवार निघतो. यंदा २०२६ ला हीच तारीख शनिवारी आली आणि त्याच दिवशी पौष पौर्णिमा, म्हणजे तिथीने जिजाऊंची जयंती सुद्धा, आणि वर कडी म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ तीही त्याच दिवशी (साधारण १४ कोटी ७१ लाख किमी). तीन वेगवेगळे कॉलम आणि एकच ओळ, असं क्वचित जमतं. थंडीत आपण सूर्याच्या जवळ असतो हे घरात सांगितलं तर कुणाला पटत नाही, ते असो.

आता १२ जानेवारी. जिजाऊ १५९८ सिंदखेड राजा, विवेकानंद १८६३ कोलकाता, दोघांची जयंती एकाच दिवशी असं आपण शाळेपासून ऐकतोय. पण दोन्ही १२ तारखा एकाच कॅलेंडरच्या नाहीत! माझी स्प्रेडशीट १९०० च्या आधीच्या तारखांना तारीख मानतच नाही, म्हणून सगळं ज्युलियन डे नंबरमध्ये केलं, म्हणजे प्रत्येक दिवसाला एक सलग आकडा, १ जानेवारी २००० ची दुपार म्हणजे २४५१५४५, आणि मग मागे मागे जायचं. १२ जानेवारी १५९८ ही आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरची तारीख धरली की चंद्र निघतो अमावास्येनंतर पाचेक दिवसांचा, कोर. आणि जिजाऊंची तिथी तर पौष पौर्णिमा, शके १५१९. तीच तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची धरली की दहा दिवसांचा फरक पडतो, आकडा येतो २३०४७३९, वार गुरुवार आणि चंद्र बरोब्बर पूर्ण. इंग्रजांकडे १७५२ पर्यंत ज्युलियनच चालू होतं आणि आपल्या जुन्या तिथ्यांच्या इंग्रजी तारखा त्याच हिशेबाने लावल्या गेल्या, शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० पण त्यातलीच, ग्रेगोरियनने ती १ मार्च होते. मी काही जयंती २२ जानेवारीला करा म्हणत नाहीये, लोकांच्या मनात बसलेली तारीख तशीच राहू दे, पण शीटमध्ये कुठलं कॅलेंडर ते लिहायलाच हवं.

न्यूटनचंही हेच. इंग्लंडमध्ये तो २५ डिसेंबर १६४२ ला जन्मला, ग्रेगोरियनने ४ जानेवारी १६४३. गॅलिलिओ वारला ८ जानेवारी १६४२ ला, पण ती इटलीतली तारीख, म्हणजे ग्रेगोरियन. त्यामुळे 'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन आला' हे दोन कॅलेंडरं मिसळली तरच जमतं. स्टीफन हॉकिंगचं मात्र पक्कं, ८ जानेवारी १९४२, गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर ३०० वर्षांनी.

विवेकानंदांची १२ जानेवारी ग्रेगोरियनच, पण तिच्यातही एक गंमत, त्या दिवशी मकर संक्रांत होती. हो, १२ ला! संक्रांत नाक्षत्र वर्षावर चालते, म्हणजे सूर्य परत त्याच ताऱ्यांपाशी दिसायला लागणारा वेळ, ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं, म्हणून दर वर्षी ती सहा तास नऊ मिनिटं पुढे जाते, लीप वर्षाचा जादा दिवस तिला मागे ओढतो पण ती नऊ मिनिटं शिल्लक राहतात आणि साठत जातात. १८६३ पासून आजपर्यंत त्याचा साधारण एक दिवस झाला, आणि १९०० ला लीप दिवस नव्हता त्याचा दुसरा. यंदा १४ ला दुपारी तीनच्या सुमारास आहे, २०२७ ला १४ च्या रात्री नऊनंतर, म्हणजे सण १५ ला. २१०० ला पण लीप दिवस नाही, तेव्हा ती अजून एक दिवस पुढे सरकणार.

हाच फॉर्म्युला उलटा फिरवून पानिपत तपासलं. १४ जानेवारी १७६१, बुधवार, पौष शुद्ध अष्टमी. ही लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली असं सर्रास सांगतात, पण त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. चार दिवस आधी. व्हॉट्सॲपवर दर वर्षी तोच मेसेज फिरतो आणि दर वर्षी मी गप्प बसतो, यंदा नाही बसणार.

बाकी किरकोळ. खाशाबा जाधव १५ जानेवारी १९२६ आणि बाळासाहेब ठाकरे २३ जानेवारी १९२६, दोघांची शंभरी याच महिन्यात, मूळ वार शुक्रवार आणि शनिवार, यंदा गुरुवार आणि शुक्रवार. शंभर वर्षांत २५ लीप दिवस आले की वार एकाने मागे जातो, २४ आले तर दोनाने. २३ ला नेताजी पण (१८९७). आणि २०१५ चं कॅलेंडर माळ्यावर असेल तर काढा, यंदा तारीख-वार तंतोतंत तेच, फक्त सण बघू नका त्यात.

पुढे न्या. रानडे घेतोय, १८ जानेवारी १८४२, निफाड, वार मंगळवार आला, तिथी अजून लावायचीये. कुणाच्या घरी जुन्या कुंडल्या असतील तर पौष-माघातल्या नोंदी टाका खाली, नावं नकोत, फक्त शके, तिथी आणि वार. शाळेच्या दाखल्यावरच्या १ जूनवाल्या तारखा मात्र प्लीज नको, त्या गुरुजींनी दिलेल्या असतात.