तुम्ही विचारलंत म्हणून: दिग्दर्शक मोठा की स्टुडिओ?

मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातली दृश्यं कॉम्प्युटरवर घडवण्याच्या धंद्यात, काम करते हे कळलं, की सुपरहिरोंचे सिनेमे बघणारा प्रत्येक माणूस मला पंच नेमून टाकतो. "तू आतली आहेस, तूच सांग. हे सिनेमे दिग्दर्शक बनवतो की स्टुडिओ?" लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, डोंबिवली फास्टमध्ये लटकताना विचारून झालंय. मी काहीही बोलले तरी विचारणाऱ्याचं समाधान होत नाही, कारण त्याला बाजू हवी असते. दिग्दर्शकाच्या बाजूनं बोलले तर मी मार्व्हल स्टुडिओवर खार खाणारी, स्टुडिओच्या बाजूनं बोलले तर नोकरी सांभाळणारी. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी ते 'आतली' प्रकरण. मी कॉम्पोझिटर आहे, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका शॉटमध्ये बेमालूम जोडते, गोरेगावला बसते. आमच्याकडे सिनेमा येत नाही, शॉट येतात, तीन-चार सेकंदांचे. एकाही दिग्दर्शकाला मी आजवर भेटलेले नाही. मला ते माहीत आहेत ते त्यांच्या नोट्समधून, म्हणजे शॉटवर लिहून येणाऱ्या सूचनांमधून. पण रोज नोट्स वाचणाऱ्याला एक गोष्ट नक्की कळते: समोरच्याला काय हवंय ते त्याला माहीत आहे की नाही.

कॉलेजात असताना माझं मत पक्कं होतं. मे 2014मध्ये दिग्दर्शक एडगर राईट मार्व्हलचा 'अँट-मॅन' सोडून गेला. त्या सिनेमावर तो 2006च्या आसपासपासून काम करत होता. सगळे हळहळले, मी मात्र वाद घालत होते की एका माणसासाठी आख्खी मालिका कशी थांबेल? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीसी आणि मार्व्हल, सुपरहिरोंच्या सिनेमांतल्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी पुढच्या अनेक वर्षांच्या सिनेमांच्या तारखा जाहीर केल्या. तो तक्ता छापून मी कपाटाच्या दारावर चिकटवला होता. प्लॅन आहे म्हणजे सगळं आहे, असं मला मनापासून वाटायचं.

आज त्या तक्त्याकडे बघा. डीसीचा 2020साठी लिहिलेला 'सायबॉर्ग' आलाच नाही. 2018ला येणारा 'द फ्लॅश' दिग्दर्शक बदलत बदलत 2023ला उगवला. मार्व्हलचा 'इनह्यूमन्स' सिनेमा म्हणून कधी झालाच नाही. हे मी त्या कॉलेजातल्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मलाच, सांगते, तर ती म्हणते, "आणि मार्व्हलचा 2019चा 'एंडगेम'? तो प्लॅनशिवाय झाला असता?" नसता झाला. इतक्या सिनेमांचे धागे एका ठिकाणी आणायचे तर सगळ्यांच्या वर कुणीतरी बसलेलं लागतं, आणि ते मार्व्हलच्या केव्हिन फायगीनं केलं. इथे मी तिच्याशी भांडू शकत नाही.

भांडण आहे ते दुसऱ्या गोष्टीवरून. अर्जेंटिनाच्या दिग्दर्शिका लुक्रेसिया मार्टेल यांनी 2018मध्ये सांगितलं होतं की 'ब्लॅक विडो'साठी मार्व्हलनं त्यांना भेटायला बोलावलं, आणि वर आश्वासन दिलं की ॲक्शनच्या प्रसंगांची काळजी करू नका, ते आम्ही बघून घेऊ. सिनेमा पुढे केट शॉर्टलँडनं केला, 2021मध्ये आला. मार्टेल यांचं ते बोलणं वाचून माझे मित्र हसले. मला हसू आलं नाही. ते 'बघून घेणारे' म्हणजे आम्हीच की. काही वेळा दिग्दर्शक ठरण्याआधीच मारामारीचा आराखडा कॉम्प्युटरवर तयार होऊ लागतो आणि त्याच्या शेवटच्या टोकाला माझ्यासारखी माणसं बसलेली असतात. मार्टेल यांना तर ॲक्शनचे प्रसंगही स्वतःच करायला आवडले असते. 'तुमचं काम माणसांचं, आमचं काम मारामारीचं' ही वाटणी ज्यानं केली, त्याला मारामारीतही माणूसच असतो हे माहीत नाही.

आता ज्याबद्दल मी सहसा बोलत नाही, ते. सिनेमाचं नाव सांगता येणार नाही, करार आहे, आणि प्रसंगही थोडा बदलून सांगते. एक पात्र पावसात, दगडी पायऱ्यांवर मरतं. माझ्याकडे त्यातला एक शॉट होता. हिरव्या पडद्यासमोर शूट केलेलं. मागचं शहर, पाऊस, पायऱ्यांवरून ओघळणारं पाणी, सगळं आम्ही घालायचं. मरणाऱ्या नटीचे ओले केस कपाळाला चिकटलेले आणि प्रत्येक बटेच्या कडेला पडद्याची हिरवी झाक. ती झाक काढताना केस खाल्ले जातात, केस वाचवावेत तर हिरवं उरतं. एक बट सारखी हलत होती, ती फ्रेम-फ्रेम करून धरावी लागली. ते रोटोचं, म्हणजे फ्रेमगणिक कड आखून काढायचं, काम आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीनं केलं. गणपतीला चिपळूणला जायचं रद्द करून ती थांबली होती.

सुरुवातीच्या नोट्स दिग्दर्शकाच्या नावानं यायच्या आणि त्या वाचायला मजा यायची. एक अजून आठवते: हात पायरीवर पडतो तेव्हा त्यात वजन नाही, हात जिवंत वाटतोय. खरंच वाटत होता. आम्ही पाण्याचे शिंतोडे अर्धा क्षण उशिरा उडवले, बोटांखालची सावली गडद केली, आणि तो हात मेला. डेलीजमध्ये, म्हणजे झालेलं काम एकत्र बघायच्या बैठकीत, शॉट लागला तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. फायनल झाला.

मग दिग्दर्शकाच्या नावाच्या नोट्स बंद झाल्या. त्यांच्या जागी नुसतं 'स्टुडिओ' असं लिहिलेल्या येऊ लागल्या. सकाळी पाऊस कमी करा, संध्याकाळी पाऊस का कमी केला. फायनल झालेले शॉट पुन्हा उघडले. मग होल्ड, म्हणजे काम थांबवा. मग एका सोमवारी यादीत आमच्या आख्ख्या सीक्वेन्सपुढे एकच शब्द होता: ओमिट, म्हणजे वगळा. पात्र आता मरणार नव्हतं. पुढच्या कुठल्यातरी सिनेमात त्याची गरज आहे म्हणे.

त्या मुलीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, माझ्या रोटोत काही चुकलं का?"

नव्हतं चुकलं. तेवढं मी सांगितलं. मग कुणाचं चुकलं, हे तिनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बोट कुणाकडे दाखवलं असतं? प्लॅन होता, फक्त तो आम्ही काम पूर्ण केल्यावर ठरला. दिग्दर्शकालाही हे आधी माहीत होतं का, कोण जाणे. पात्र जगवायचंच होतं तर त्या माणसाला घेतलं कशाला? तो तर मरण दाखवणारा दिग्दर्शक होता.

तेव्हापासून 'दिग्दर्शक की स्टुडिओ' हा वाद मला फसवा वाटतो. कोण ठरवतं यापेक्षा कधी ठरवतं, हे मला विचारा. राईटनं नंतर, 2017मध्ये, सांगितलं की त्याला मार्व्हलचा सिनेमा करायचा होता, पण मार्व्हलला बहुधा एडगर राईटचा सिनेमा नको होता. ठीक आहे, नको असेल. पण हे कळायला आठ वर्षं? त्याउलट पॅटी जेनकिन्सनं 2011च्या डिसेंबरातच 'थॉर'चा दुसरा भाग सोडला, शूटिंगच्या आधी. नंतर 2017मध्ये तिनं 'वंडर वुमन' केला. वेळेत मोडलेली सोयरीक दोन्ही घरांना परवडते. आणि 2022मधला डीसीचा 'बॅटगर्ल'? शूटिंग झालेला आख्खा सिनेमा कायमचा फडताळात. ती बातमी वाचली आणि पहिल्यांदा मला त्यावर काम केलेले रोटोवाले आठवले. सप्टेंबर 2023मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी युनियनच्या बाजूनं एकमतानं मतदान केलं, त्याचा मला फार आनंद झाला. गोरेगावपर्यंत ते आलेलं नाही.

हे सगळं मी एकदा तावातावानं एका मित्राला ऐकवलं. वाटलं, आता याच्याकडे उत्तर नसेल. तो म्हणाला, "मग 'आयर्न मॅन' कसा झाला?"

2008चा तो पहिला सिनेमा, ज्यावर मार्व्हलची सगळी इमारत उभी आहे, पक्क्या पटकथेशिवाय शूट झाला. सेटवर त्या त्या दिवशी बसून संवाद शोधत होते, हे त्यात काम केलेल्या जेफ ब्रिजेसनंच सांगितलंय. आणि 'एंडगेम'मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे तोच आयर्न मॅन, शेवटी 'आय ॲम आयर्न मॅन' हे जे वाक्य बोलतो, ते मूळ शूटिंगमध्ये नव्हतंच. एडिटर जेफ फोर्डनं ते सुचवलं आणि प्रदर्शनाला काही महिने उरलेले असताना ते शूट केलं. माझ्या हिशेबानं हा निर्णयही उशिराचाच. काम होण्याआधी ठरवा, हा माझा नियम लावला तर ते वाक्य नाकारावं लागेल. थिएटरात त्या वाक्याला मी रडले होते, शेजारी बसलेले अनोळखी लोकही रडत होते.

मित्राला मी म्हटलं, ते वेगळं. तिथे सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, ती फक्त उशिरा सापडली. आमच्या सीक्वेन्सचं तसं नव्हतं, तिथे वरच्यांचं आपसातच ठरत नव्हतं. तो म्हणाला, हे तुला गोरेगावात बसून कसं कळलं? नोट्सवरून, मी म्हटलं. त्याला पटलं नाही. मला अजूनही पटतं, पण सिद्ध करता येत नाही. 'एंडगेम'च्या त्या वाक्यापायीही कुठल्यातरी शहरात कुणाचा तरी फायनल झालेला शॉट पुन्हा उघडला असणार, हे मला कळतं. तरी ते वाक्य काढा असं मी कधीही म्हणणार नाही. आणि चिपळूणच्या त्या मुलीपुढे हे उदाहरण ठेवायचं धाडसही मला होत नाही.