वाळलेलं पान सोलू नका: मोठ्या स्टॅगहॉर्न फर्नविषयी

लाकडी फळीवर बांधून वाढवायचं स्टॅगहॉर्न फर्न नव्याने लावणारा माणूस एक चूक हमखास करतो. बुडाशी चिकटलेली तपकिरी, कागदासारखी पानं दिसली की ‘वाळली’ म्हणून सोलून टाकतो. झाड तिथूनच खचायला लागतं.

या फर्नला दोन तऱ्हेची पानं येतात. सांबराच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली ती शिंगपानं. बीजाणू त्यांच्यावरच धरतात. दुसरी गोल, फळीला घट्ट बिलगणारी ढालपानं. ती हिरवी येतात, काही महिन्यांत तपकिरी होतात आणि तशीच राहतात. त्यांच्या थरांमागे मुळं असतात, ओल टिकते, कुजलेल्या पाचोळ्याचं खत साठतं. म्हणजे हे फर्न स्वतःची कुंडी स्वतःच बांधतं, आणि आपण तीच सोलत असतो.

मोठं फर्न हवं असेल तर आधी जात ठरवा. बायफरकेटमला बाजूने पिल्लं फुटतात आणि वर्षानुवर्षांत त्याचा मोठा गोळा होतो. सुपरबम आणि ग्रँडे एकांडे. त्यांना कोंब एकच, पिल्लं नाहीत. तो कोंब कुजला की झाड संपलं. ही दोन्ही एकमेकांच्या नावाने विकली जातात. वयात आलेल्या झाडाचं शिंगपान उलटून पाहा: बीजाणूंचा तपकिरी पट्टा एकच असेल तर सुपरबम, दोन असतील तर ग्रँडे. ग्रँडेला थंडी सोसत नाही, सुपरबम बरंच काटक. पहिल्यांदा लावणाऱ्याने बायफरकेटमच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एखादी चूक त्यात पचून जाते.

१५ सेंटिमीटर रुंद ढालपानाच्या झाडाला ४५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड फळी घ्या. लहान फळीवर दोन-तीन वर्षांत पुन्हा तोच उद्योग करावा लागतो. सागवान टिकतं, प्लायवूडचे थर सुटतात. तांब्याच्या रसायनात मुरवलेलं लाकूड नको आणि तांब्याची तारही नको. या झाडांना तांबं बाधतं.

स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) अर्धा तास भिजवून पिळून घ्या आणि फळीवर सहा-सात सेंटिमीटर उंच ढीग रचा, ढालपानापेक्षा थोडा रुंद. झाडाच्या मुळांचा गठ्ठा त्यावर दाबून बसवा. कोंब बाहेरच्या बाजूला राहिला पाहिजे आणि नवी शिंगपानं वर झेपावतील अशी दिशा हवी. भोवती आठ-दहा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू अर्धवट बाहेर ठेवून बसवा आणि त्यांना अडकवत तंगूस आडवा-तिडवा ओढा. तो ढालपानांवरून गेला तरी चालेल, कोंबावरून अजिबात नको. फळी हलवल्यावर झाड डुगडुगत असेल तर तंगूस सैल आहे. डुगडुगत्या झाडाची नवी मुळं तुटत राहतात. पुढे नवी ढालपानं तंगूस झाकून टाकतात.

वजनाचा हिशोब बहुतेकांचा चुकतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस लिटर पाणी शोषणारा गोळा पावसात वीस किलोंनी जड होतो, आणि खिळा निखळतो तो नेमका तेव्हाच. भिजलेल्या वजनाच्या तिप्पट पेलेल असा हूक आणि साखळी घ्या. झाडाची फांदी असेल तर साखळीखाली रबराची पट्टी घाला, नाहीतर सालीत काप पडतो. भिंतीवर टांगताना मागे दोन-तीन सेंटिमीटर पोकळी सोडा.

पाण्याचं वेळापत्रक लावू नका, मॉस बघा. बोट खुपसल्यावर आत कोरडं लागलं आणि फळी उचलायला हलकी झाली की पाणी द्यायचं, तेही सणसणीत: लहान फळी दहा-पंधरा मिनिटं बुडवून, मोठं झाड वरून पाइपने, खालून निथळेपर्यंत. कडक उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा लागेल, थंडीत दोन-तीन आठवडे लागणारही नाही. शिंगपानं किंचित लवली तर तहान समजा. पाणी मिळाल्यावर ती सावरतात. जास्त पाण्याची खूण वेगळी. कोंबाशेजारचं ढालपान अंगठ्याने दाबून पाहा. टणक किंवा कोरडं कुरकुरीत लागलं तर ठीक. काळं पडून स्पंजासारखं दबलं तर बुरशी लागली. मऊ भाग निरोगी पेशींपर्यंत धारदार सुरीने कापा, पाणी थांबवा आणि झाड वाऱ्याला टांगा. कोंबच मऊ झाला असेल तर उपाय नाही.

उजेड भरपूर, ऊन सकाळचं कोवळं. दुपारच्या उन्हात शिंगपानांवर पांढुरके-तपकिरी डाग पडतात, दाट सावलीत पानं लांबट आणि मरतुकडी होतात. पानांवरची पांढरी लव धूळ समजून पुसू नका. ती उन्हापासून वाचवते आणि ओलही टिकवते. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, निम्म्या मात्रेत विरघळणारं संतुलित खत पुरे. ढालपानामागे केळ्याची सालं कोंबायची पद्धत सगळीकडे सांगतात. त्याने मुंग्या आणि चिलटं नक्की येतात, पोषण मात्र तुटपुंजं आणि उशिरा मिळतं.

खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानाच्या मागे, फाट्यांच्या बेचक्यात लपतात. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपून काढा. तेलाचे फवारे नकोत, लव चिकटून पान खराब होतं.

बायफरकेटमची पिल्लं सुटी करायची घाई नको. पिल्लाचं स्वतःचं ढालपान दहा सेंटिमीटरचं झालं की त्याच्याभोवती सुरी खोल घाला आणि मुळांचा तीन-चार सेंटिमीटरचा गठ्ठा सोबत येऊ द्या. नुसतं पान हाती आलं तर ते जगणार नाही.

जुनी फळी कुजली तर झाड उचकटू नका. फळीसकट नव्या, मोठ्या फळीवर स्क्रूने बसवा आणि मधल्या फटी मॉसने भरा. मुळं जुन्या लाकडातून वाट काढत नव्या फळीपर्यंत पोहोचतात.