रात्री बाळ झोपलंच होतं, ताई

नागपुरात भंडारा रोडला पारडीच्या बाजूला आमची वस्ती आहे. तिथं मी आशा म्हणून काम करते. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की ठरलेल्या दिवशी बाळाला बघायला जायचं असतं: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. सातव्या दिवसाची भेट मी आता कितीही ऊन असलं तरी दुसऱ्या दिवसावर ढकलत नाही. त्याचं कारण एक सात दिवसांची पोरगी.

मे महिना होता, नवतपा लागलेला. पारा ४५ च्या वर. सकाळी अकरालाच रस्ता ओस पडला होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळून मी तिच्या घरी पोचले. टिनाचं छत. बाळंतिणीची खोली म्हणून खिडकी बंद, कूलर बाहेरच्या खोलीत. बाळ दोन कपड्यांत गच्च गुंडाळलेलं, वरून टोपडं.

"हळू बोला जी ताई, आत्ताच झोपली," आजी म्हणाल्या. "लय गुणाची आहे. रात्री दहाले झोपते तं सकाळी पाचलेच. उं की चूं नाही."

तिसऱ्या दिवशी मी आले होते तेव्हा सगळं ठीक होतं. जन्माचं वजन २६०० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी २४५०. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजा, असं सांगून मी निघाले होते. सून मान डोलवत होती. रात्री किती वेळा पाजते, हे मात्र मी वेगळं विचारलं नव्हतं. ती चूक माझी.

झोळीत घालून बाळाला काट्याला लावलं. २२५०. काटा अडकला असेल म्हणून झोळी काढून रिकामा काटा बघितला. तो शून्यावर होता. पुन्हा लावलं. २२५०. म्हणजे सात दिवसांत साडेतीनशे ग्रॅम गेले होते, दहा टक्क्यांच्याही वर. आणि या सगळ्या उचलठेवीत पोरगी रडली नाही. झोळीत घातलेलं बाळ रडतं. हातपाय झाडतं, मूठ तोंडात घालायला बघतं. हिचे हात बाजूला तसेच लोंबत होते.

कपडे सोडले. तळपायाला टिचकी मारली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, ओठ जरासे हलवले आणि परत डोळे मिटले. दुसऱ्यांदा मारली तेव्हा रडली, पण आवाज मांजरीच्या पिल्लासारखा, तोही अर्धाच. छातीवर बोट दाबून उचललं तर खालची कातडी पिवळी. जीभ कोरडी. काखेत थर्मामीटर लावला, १००.४. लंगोटावर विटकरी रंगाचा डाग होता. सातव्या दिवशी बाळानं दिवसभरात सहा वेळा तरी शू करायला हवी. हिनं कालपासून दोनदा केली होती.

"रात्री पाजलं नाही का गं?" मी सुनेला विचारलं.

ती सासूकडं बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "रात्री ती झोपलीच राहते, ताई. आणि झोपेत पाजू नये म्हणतात ना?"

आजीचा चेहरा उतरला. "मीच म्हटलं तिले. माह्यं पहिलं लेकरू असंच गेलं होतं. रात्री झोपेतच पाजलं होतं मी. सकाळी पाह्यलं तं नाकात दूध."

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट होती. त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही, आणि बोलत बसायला वेळही नव्हता. सुनेला पान्हा होता. दूध पिळून दोन थेंब बाळाच्या ओठावर लावायला सांगितले. पोरीनं जीभ बाहेर काढली, स्तनाला लावल्यावर तीन-चार वेळा चोखलं आणि थकून सोडून दिलं. हातपाय ढिले, रडणं क्षीण, पिणं कमी, ही तिन्ही लक्षणं आमच्या प्रशिक्षणात धोक्याची म्हणून शिकवतात. आणि एकदम तिन्ही माझ्यासमोर होती.

१०८ ला फोन लावत होते तेवढ्यात बाळाचा बाप ऑटो घेऊन दारात आला. आम्ही वाट बघितली नाही. सून मागं बाळाला छातीशी धरून, मी बाजूला. सेंट्रल अव्हेन्यूच्या सिग्नलला ऑटो थांबला की मी पोरीच्या छातीकडं बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत असतात, हे त्या बापाला माहीत नव्हतं. वाटेत त्याला तेवढंच एक सांगितलं.

दवाखान्यात रक्त तपासलं. अंगातलं पाणी कमी होऊन सोडियम वाढलेलं होतं, कावीळही होती. सलाईन लावलं, पण अगदी हळू. वाढलेलं सोडियम घाईनं खाली आणलं तर मेंदूला सूज येऊ शकते, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोरीला निळ्या दिव्याखाली ठेवलं. आई दर तीन तासांनी दूध काढून द्यायची.

त्या रात्री व्हरांड्यात आजी माझ्याजवळ बसल्या होत्या. ड्युटीवरच्या डॉक्टर ताई बाहेर आल्यावर आजींनी थेट विचारलं, "झोपेत पाजलं तं दूध श्वासात जाते का नाही?" डॉक्टर खाली बसून बोलल्या, ते मला फार आवडलं. त्यांनी समजावलेलं मी तेव्हापासून प्रत्येक घरी सांगते.

बाळ अर्धवट झोपेत असतं तेव्हाही त्याला चोखता येतं आणि गिळता येतं. पापण्यांखाली बुबुळं फिरत असतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, हात तोंडाकडं जातो. ती वेळ पाजण्याची. अंगावर पाजताना बाळ चोखेल तसं दूध येतं. बाळानं चोखणं थांबवलं की धार बहुतेक थांबते, म्हणून डुलक्या घेणारं बाळही सांभाळून पिऊ शकतं. पीत असताना हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि घटकन आवाज येतो. तो ऐकू आला की दूध पोटात चाललंय. हात उचलून सोडल्यावर ओल्या कपड्यासारखा पडतो, तेव्हा झोप गाढ असते. तेव्हा आधी जागं करायचं, मग पाजायचं. दुपटं काढायचं, लंगोट बदलायचा, तळपाय चोळायचे, नुसत्या अंगानं आईच्या छातीवर ठेवायचं. पिता पिता थांबलं तर स्तन हळूच दाबायचा किंवा बाजू बदलायची.

आजीच्या पहिल्या बाळाबद्दल डॉक्टर एवढंच म्हणाल्या, की नाकात दूध दिसलं म्हणजे दुधानंच गेलं असं नसतं. मरताना किंवा मेल्यानंतरही पोटातलं दूध वर येतं. आजी त्यावर काही बोलल्या नाहीत. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

चार दिवसांनी सुट्टी झाली, वजन २४२०. दर दोन-तीन तासांनी पाजा, रात्रीसुद्धा, तीन तासांवर जाऊ देऊ नका, असं बजावून पाठवलं होतं.

चौदाव्या दिवशी मी गेले तेव्हा सून आंघोळीला गेली होती. आजी मांडी घालून बसलेल्या, मांडीवर पोरगी, आणि हातात चांदीचं बोंडलं. शेजारी घड्याळ ठेवलेलं. पोरीचं डोकं मागं पडलेलं, तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले. आजी बोंडल्यातून दूध ओतत होत्या. ते गालात साचून ओठाच्या कोपऱ्यातून मानेवर ओघळत होतं. मी पिशवी टाकून "थांबा" म्हणेपर्यंत पोरीला ठसका लागला. चेहरा लाल झाला, मग ओठाभोवती निळसर. मी तिला उचलून हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं, पाठीवर थापटलं. नाकातोंडातून दूध आलं आणि ती रडली. चांगली मोठ्यानं रडली. सून ओल्या केसांनी धावत आली.

"तीन तास झाले होते ना," आजी म्हणत होत्या. हात थरथरत होते. "डॉक्टरनंच म्हटलं तीन तास."

त्या बाईचा मला राग आला नाही. पहिलं लेकरू दूध पाजून गेलं असं तिला वाटत होतं, आणि नात दूध न पाजल्यानं जाता जाता वाचली. ती चुकली तरी कुठं होती? दोन्हीकडं तिला कुणी नीट समजावून सांगितलंच नव्हतं. अंगावर पिणं आणि वरून ओतणं यात काय फरक आहे, ते मी तिथंच बसून सांगितलं. बोंडलं असो, चमचा असो, उशीला टेकवून ठेवलेली बाटली असो, त्यातून दूध आपोआप येत राहतं, बाळ गिळतंय की नाही याची वाट बघत नाही. गाढ झोपलेल्या बाळाच्या तोंडात ते साचतं आणि श्वासाबरोबर आत जाऊ शकतं. काढलेलं दूध द्यायचंच असेल तर बाळ जागं हवं, डोकं उंच हवं. वाटी खालच्या ओठाला टेकवायची, बाळ स्वतः घेईल तेवढंच घेऊ द्यायचं. ओतायचं नाही.

मामानं आणलेली नवी बाटली फळीवर होती. ती मी सुनेला परत करायला सांगितली. पाणीही देऊ नका म्हटलं. आईच्या दुधात बहुतांश पाणीच असतं, नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा सहा महिने तेवढं पुरतं. मात्र खिडकी उघडा, दुपट्याची दोन घडी काढा, बाळाला थेट झोत न लागेल असा कूलर लावा.

रात्रीचं सुनेशी वेगळं बोलले. तिची खरी भीती दुसरीच होती. पाजताना आपलाच डोळा लागला तर? हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बाळंतीण विचारते, पण सासूसमोर विचारत नाही. खुर्चीत किंवा सोफ्यावर पाजता पाजता झोप लागणं सगळ्यात वाईट, बाळ फटीत सरकतं. त्यापेक्षा खाली घट्ट गादी टाकून कुशीवर निजून पाजलेलं बरं. बाळाचं पोट आपल्या पोटाला, नाक मोकळं, जवळ उशी नको, गोधडी नको. पाजून झालं की बाळाला पाठीवर झोपवायचं. आणि रात्रीची पाळी चुकवू नको, दूध तयार करणारं हार्मोन रात्रीच जास्त असतं. तिनं मोबाईलवर दर तीन तासांचा अलार्म लावला.

एकविसाव्या दिवशी २६९०. जन्माचं वजन पार झालं.

अठ्ठाविसाव्या दिवशी २९००. झोळीत घातल्याबरोबर पोरीनं घर डोक्यावर घेतलं, आणि आजी हसत हसत कानावर हात ठेवून उभ्या राहिल्या. सुनेनं विचारलं, "ताई, अजून उठवायचं का रात्री? अलार्मनं हे पण उठतात, यांना पहाटे ऑटो काढायचा असतो."

मी डायरीतली वजनं पुन्हा एकदा बघितली. रोज तीस ग्रॅमच्या आसपास वाढ, शू दिवसातून सात-आठ वेळा, अंग पिवळं नाही. "आता नको," म्हटलं. "आता ती तुला उठवेल. तिनं हाक मारली की पाज."

तिनं माझ्यासमोरच अलार्म काढून टाकला. आजी म्हणाल्या, "रात्री दीडले उठते ती, बरोब्बर. मी जागीच राहतो तेव्हा."